घरांच्या आवारातील झाडे निम्मी छाटण्याची सूचना मागे घ्यावी: वृक्ष प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, वृक्ष प्राधिकरण,
मा. मुख्याधिकारी, नगर परिषद,
तसेच वीज वितरणाच्या स्थानिक कार्यालयातील अभियंते यांस,

महोदय,

नगर परिषदेने नुकत्याच काढलेल्या जाहीर सूचनेनुसार शहरातील प्रत्येक घरमालकाने आपल्या आवारातील वीस फुटांहून उंच झाड, मग ते वीजवाहिनीखाली असो वा नसो, निरोगी असो वा रोगट, ३१ मेपूर्वी निम्म्या उंचीपर्यंत छाटून घ्यायचे आहे. जो घरमालक तसे करणार नाही त्याच्या आवारात नगर परिषदेचा कंत्राटदार येऊन छाटणी करील, तिचा खर्च मालमत्ता कराच्या बिलात जोडला जाईल आणि निघालेले लाकूड कंत्राटदाराचे राहील, असेही त्या सूचनेत म्हटले आहे. वादळात झाडे कोसळून जीवित व वित्तहानी होऊ नये, हे कारण आपण दिले आहे. कारण खरे आहे आणि त्यामागची काळजीही खरी असेल, असे मी मानते. परंतु त्यावर योजलेला उपाय धोका कमी करणारा नाही, तो तीन-चार वर्षांत धोका वाढवणारा आहे, आणि तोवर या शहरातील घरांवर उरलीसुरली सावली नाहीशी करणारा आहे. म्हणून हे पत्र आपल्या कार्यालयात नोंदवून तेथेच न थांबता मी ते सर्वांसमोर ठेवत आहे.

मी कृषी विभागात पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. नोकरीचा बराच काळ संत्र्याच्या बागांमध्ये गेला आणि झाड कसे कापावे, कुठे कापावे आणि मुख्य म्हणजे कधी कापू नये, हे मी पुस्तकाइतकेच बागायतदारांकडून शिकले. निवृत्तीनंतर मी याच शहरातल्या एका जुन्या ले-आउटमध्ये राहते. घराच्या पश्चिमेला माझ्या सासऱ्यांनी लावलेला कडुनिंब आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दुपारी तीननंतर ऊन थेट भिंतीवर येते, आणि त्या भिंतीमागच्या खोलीत माझ्या वृद्ध सासूबाई झोपतात. कूलर आमच्याकडेही आहे. पण भारनियमनाच्या किंवा वीज गेल्याच्या वेळी ती खोली राहण्याजोगी ठेवतो तो कडुनिंबच. तो निम्मा कापला तर ही खोली उन्हाळ्यात वापरता येणार नाही. माझे हितसंबंध एवढेच आहेत आणि ते मी आधीच सांगून टाकते.

झाडे पडतात आणि माणसे मरतात, हे मी नाकारत नाही. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातील पारस येथे मंदिराच्या टिनाच्या शेडवर जुना कडुनिंब कोसळून सात भाविकांचा मृत्यू झाला. आपल्या भागातले कोणीही ती बातमी विसरलेले नाही. तिचा उल्लेख करण्यामागे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. मात्र त्या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात, आणि आपल्या सूचनेत त्या दोन्ही विचारात घेतलेल्या नाहीत. पहिली म्हणजे ते वादळ एप्रिलच्या सुरुवातीस आले होते. विदर्भात अवकाळी पाऊस, गारपीट आणि वावटळ मार्चपासूनच सुरू होतात, तेव्हा ३१ मे ही मुदत पाळूनही ज्या वादळांची भीती वाटते त्यांपैकी बरीचशी आधीच येऊन गेलेली असतात. दुसरी म्हणजे मोठे झाड समूळ कोसळते तेव्हा बहुधा त्याची मुळे कुजलेली किंवा तोडलेली असतात, नाहीतर बुंध्याचा गाभा पोखरलेला असतो. कोणाचा बुंधा पोकळ आहे आणि कोणाचा भक्कम, हे पाहिल्याशिवाय सर्व झाडांना एकच माप लावून धोक्याचे झाड सापडत नाही.

माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार ‘निम्म्या उंचीपर्यंत’ या शब्दप्रयोगाबद्दल आहे. झाडाचा शेंडा आणि मुख्य फांद्या मध्येच कापल्या की दिसायला झाड आटोपशीर होते. पण पुढे काय होते ते सावकाश पाहावे लागते. झाडाचे अन्न पानांत तयार होते. निम्मी पाने एका दिवसात गेली की जगण्यासाठी ते खुंटांच्या कडेने एकदम डझनावारी धुमारे फोडते. नैसर्गिक फांदी खोडाच्या आतल्या लाकडात रुतून वाढलेली असते, तर हे धुमारे सालीलगतच्या थरातून निघालेले असल्यामुळे वरवर चिकटलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते पुन्हा पहिल्या उंचीला पोचतात, जाड होतात, जड होतात, आणि त्यांच्या बुडाशी असलेला जुना खुंट तोपर्यंत कुजत आलेला असतो. मग वादळ आले की नेमके हेच धुमारे फाटतात. म्हणजे ज्या झाडापासून आज काही भय नव्हते, त्याला आपण चार वर्षांनी पडणाऱ्या फांद्यांचे झाड करून ठेवतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या कुंपणालगतची चिंच काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळापूर्व मोहिमेत, आम्ही घरी नसताना, रस्त्यावरून कापली गेली होती. कापणाऱ्यांनी मनगटाएवढ्या नव्हे, मांडीएवढ्या फांद्या मध्येच तोडल्या. पुढच्या उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या खोडाची नैर्ऋत्येकडची साल तडकली, त्या भेगांतून खोडकिडा शिरला आणि बुंध्याशी भुसा पडू लागला. त्यानंतर आलेल्या वादळात नवा धुमारा बुडापासून फाटून शेजाऱ्यांच्या टिनांवर पडला. सुदैवाने कोणी खाली नव्हते. चिंचेसारखे चिवट लाकूड, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे झाड, त्याची ही गत असेल तर गुलमोहर आणि पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर) यांसारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडांचे काय होईल, याचा विचार आपण करावा.

अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला आणि असे दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या कातडीसारखी भरून येत नाही; झाड ती जागा आतून बंदिस्त करते आणि तिच्याभोवती नवे लाकूड चढवत जाते. ही बंदिस्ती सर्वांत चांगली होते ती फांदी आणि खोड यांच्या सांध्यापाशी, जिथे सालीचा किंचित फुगीर कंगोरा दिसतो. काप त्या कंगोऱ्याच्या बाहेरून, त्याला धक्का न लावता घेतला तर जखम लहान राहते आणि कडेने गोल वळी धरून मिटत येते. फांदी मध्येच तोडून खुंट ठेवला तर तो कुजतो, आणि खोडाला अगदी सपाट घासून कापले तर कंगोराच जातो. मोठी फांदी एकाच घावात तोडली तर ती स्वतःच्या वजनाने खाली येताना बुंध्याची साल हातभर सोलत नेते. म्हणून जाणता माणूस आधी सांध्यापासून फूट-दीड फूट पुढे खालच्या बाजूने अर्धवट काप घेतो, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून वजन उतरवतो, आणि उरलेला खुंट शेवटी कंगोऱ्याशी नीट काढतो. तीन कापांचे हे काम एका घावापेक्षा फार वेळखाऊ नाही. कापल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिचाही काही उपयोग नाही. डांबराखाली ओल कोंडते आणि कूज सुखाने वाढते.

दुसरी तक्रार महिन्याबद्दल आहे. कडुनिंब साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पाने टाकतो आणि लगेच नवी पालवी धरतो. ही पालवी मुळांत व खोडात साठवलेल्या अन्नावर फुटते. ती पुरती कमावती होण्याच्या आत, एप्रिल-मे महिन्यांत, ती कापून टाकणे म्हणजे झाडाची शिल्लक खर्च करवून त्याच्या हाती काहीच न ठेवणे होय. शिवाय ज्या सालीने आजवर सावलीतच दिवस काढले, ती अचानक ४५ अंशांच्या उन्हात उघडी पडते आणि भाजते. ही भाजलेली साल काही महिन्यांनी सुटू लागते, तेव्हा त्याचा संबंध मे महिन्यातल्या छाटणीशी कोणी जोडत नाही. झाडाला रोग लागला असे म्हणतात आणि ते कापण्यासाठी अर्ज करतात. वाळलेली, मोडलेली, लोंबकळणारी फांदी कोणत्याही महिन्यात काढावी, त्याला मुहूर्त लागत नाही. परंतु जिवंत फांद्यांची छाटणी आपल्या हवामानात पावसाळा संपून जमिनीत ओल असताना, नोव्हेंबर ते जानेवारी या काळात व्हावी आणि तीही एका वर्षात झाडाच्या एकूण पसाऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावी. म्हाताऱ्या झाडाच्या बाबतीत याहूनही पुष्कळ कमी. याच एप्रिल-मे महिन्यांत पक्ष्यांची घरटी असतात, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या परिसरातील संत्रा बागायतदाराला हे सारे ठाऊक आहे. तो झाडावरची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढतो तेव्हा हिरव्या फांदीला हात लावत नाही, वाळलेल्या फांदीसोबत थोडासा हिरवा भाग घेऊन काप सारखा करतो, कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेताना निर्जंतुक करतो, आणि पावसाळ्याआधी व नंतर बुंध्याला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतो. तालुक्यातल्या गावागावांत हे कसब असताना शहरातल्या घरांवरच्या झाडांसाठी मात्र कुऱ्हाड आणि कटर मशीन घेऊन कोणालाही पाठवावे, हे मला समजत नाही.

यातून तिसरी तक्रार निघते, ती मजुरीच्या व्यवहाराबद्दल. सूचनेत लाकूड कंत्राटदाराचे राहील असे म्हटले आहे. एकदा मोबदला लाकडाच्या रूपाने ठरला की जितके जास्त कापावे तितका जास्त लाभ, असा हिशेब होतो. जाड फांदीला भाव असतो आणि वाळलेल्या बारीक काटक्यांना नसतो, म्हणून जे काढायला हवे ते झाडावर राहते आणि जे राखायला हवे ते ट्रॅक्टरवर चढते. मला त्या मजुरांविरुद्ध काही म्हणायचे नाही. ते दोर न बांधता, डोक्यावर हेल्मेट नसताना, पायात चपला घालून, जिवंत तारांपासून हातभर अंतरावर काम करतात, आणि पडले तर त्यांच्या मागे विम्याचे एक कागदपत्र नसते. जो कंत्राटदार सर्वांत कमी दर भरतो तो हे पैसे कुठून वाचवतो, हे आपणा सर्वांना दिसते आहे. घरमालकांचीही अडचण मोठी आहे. ज्याला खरोखर आपले झाड नीट राखायचे आहे त्याने विचारावे कोणाला? दारावर येऊन ‘झाड कापायचं का’ असे विचारणाऱ्याखेरीज या शहरात दुसरा कोणी उपलब्ध नाही.

जगात वृक्षसंगोपन हा मान्यता पावलेला व्यवसाय आहे. अमेरिकेत १९२४ मध्ये सुरू झालेली आणि आज आंतरराष्ट्रीय स्वरूपात काम करणारी वृक्षसंगोपन संस्था १९९२ पासून या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते, आणि अ‍ॅरिझोनासारख्या वाळवंटी राज्यांतले घरमालक झाड कापून घेण्याआधी अशा प्रमाणपत्रधारकाला बोलावतात. मी तशी यंत्रणा उद्याच्या उद्या मागत नाही. आपल्याच देशात दिल्लीच्या पालिकांनी आजारी झाडांच्या उपचारासाठी ‘ट्री अ‍ॅम्ब्युलन्स’ चालवल्या आहेत; पोकळ बुंधे साफ करणे, बुरशी व वाळवीवर उपचार करणे अशी कामे त्या करतात. नगर परिषदेचे बजेट दिल्लीएवढे नाही, हे मला कळते. परंतु अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ आपल्यापासून फार दूर नाहीत, आणि दहा-पंधरा तरुणांना तिथे किंवा इथे प्रशिक्षण देण्याचा खर्च एका चौकाच्या सुशोभीकरणाहून कमी असेल.

चौथी तक्रार जमिनीखालची आहे आणि ती मला विशेष त्रास देते, कारण हे नुकसान नगर परिषदेने स्वतः केले आहे. गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले आणि त्यांच्या कडेला घरांच्या फाटकापर्यंत गट्टू बसवले गेले. हे गट्टू बुंध्याला अगदी भिडवून बसवले आहेत. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांश वरच्या दोन फुटांत आणि फांद्यांच्या घेराच्या आसपास असतात. तिथे पाणी आणि हवा जाण्याचे मार्ग बंद केले की मूळ गुदमरते. त्यातच नाल्या आणि पाइपलाइनसाठी जेसीबीने खोदताना एका बाजूची जाड मुळे तोडली जातात. मग त्या बाजूला आधार नसलेले झाड पुढल्या वादळात नेमके विरुद्ध दिशेला झुकते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील प्रकरणात झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तो आदेश दिल्लीपुरता असला तरी झाडांच्या मुळांची गरज दिल्लीत एक आणि विदर्भात दुसरी अशी नसते. आपल्याकडे आठ महिने कोरडे असल्याने ती उलट अधिक तीव्र असते.

आपल्या मातीविषयी दोन शब्द बोलावे लागतील, कारण कोणत्याही दुसऱ्या शहराची नियमावली येथे जशीच्या तशी चालत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिला इतक्या रुंद भेगा पडतात की हात आत जातो, आणि भेग पडताना बारीक मुळे तुटतात. अशा जमिनीत रोज बुंध्याशी बादलीभर पाणी ओतल्याने वरचा वीतभर थर भिजतो, खाली काही पोचत नाही आणि बुंधा मात्र सतत ओला राहून कुजतो. पाणी द्यायचे ते बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली गोल आळे करून, सावकाश आणि खोलवर, दहा-पंधरा दिवसांतून एकदा. आणि त्यावर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा गव्हांडा यांचे तीन-चार बोटे जाड आच्छादन, बुंध्याला न टेकवता. आच्छादन असेल तर भेगा पडत नाहीत. लहान रोपाजवळ मडके पुरून ते भरून ठेवण्याची जुनी पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे; तेथील आणि त्याच्या कडेच्या वस्त्यांतील अनेक बोअरचे पाणी खारे आहे, ते उन्हाळाभर दिले की पानांच्या कडा करपतात. कूलरच्या टाकीतले तळाचे पाणी तर त्याहून खारे असते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तरी ‘पाणी वाया जाऊ नये’ म्हणून ते सर्रास झाडाला ओतले जाते. असा सल्ला मिळाला तर लोक तो आनंदाने पाळतील. तो देणारे कोणी नाही.

रोगाचेही तसेच आहे. शेजारच्या तेलंगणात २०२१ च्या सुमारास कडुनिंबाचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळू लागले तेव्हा तेथील संशोधकांनी बुरशी आणि टी मॉस्किटो नावाचा रस शोषणारा ढेकण्या कीटक या दोन कारणांकडे लक्ष वेधले होते. शेंडे वाळलेली अनेक झाडे पुढे पुन्हा पालवली. वाळलेला शेंडा पाहून झाड मेले असे समजून ते तोडणारा माणूस आणि एक पावसाळा थांबून पाहा असे सांगणारा माणूस, यांच्यात प्रशिक्षणाचा फरक असतो.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षण व जतनासाठी १९७५ पासून नागरी क्षेत्रांसाठी स्वतंत्र अधिनियम आहे. आपले वृक्ष प्राधिकरण याच अधिनियमाने अस्तित्वात आले आहे. त्यात झाड ‘तोडणे’ याची व्याख्या केवळ बुंध्यातून कापण्यापुरती नाही. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा पोचवणे हे सारे तिच्यात येते. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणे ही प्राधिकरणाची जबाबदारी आहे. आणि याच अधिनियमाच्या सातव्या कलमात प्राधिकरणाच्या कर्तव्यांमध्ये असेही नमूद आहे की झाडे लावणे, राखणे व जतन करणे यांसंबंधी जी कोणी व्यक्ती सल्ला किंवा तांत्रिक साहाय्य मागेल तिला ते द्यावे. मी अशा सल्ल्यासाठी लेखी अर्ज केला होता. त्याचे उत्तर म्हणून कार्यालयातून मला झाड तोडण्याच्या परवानगीचा छापील नमुना देण्यात आला. ज्या संस्थेवर सल्ला देण्याचे कर्तव्य कायद्याने टाकले आहे, तिच्याकडे झाड जगवण्यासाठी आलेल्या नागरिकाला देण्यासारखा एकही कागद नसावा, आणि त्याच वेळी तिने शहरातील प्रत्येक उंच झाडाला इजा पोचवण्याचा हुकूम काढावा, ही माझी पाचवी तक्रार आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. आपल्या शहरातील जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या आणि घरांच्या आवारात अशी झाडे कितीतरी आहेत. सूचनेत त्यांच्यासाठी एका ओळीचाही अपवाद नाही.

वीज वितरणाच्या अभियंत्यांना मी वेगळे सांगू इच्छिते की वाहिनी मोकळी ठेवण्याची त्यांची गरज मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्यासाठी झाडाचे डोके उडवावे लागत नाही. वाहिनीच्या दिशेने जाणाऱ्या फांद्या तेवढ्या सांध्यापासून काढल्या आणि झाडाची वाढ दुसऱ्या बाजूला वळवली, तर पुढच्या वर्षी तिथे धुमाऱ्यांची झुडपे उठत नाहीत आणि लाइनमनला त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा यावे लागत नाही. जिथे जुनी मोठी झाडे आहेत त्या गल्ल्यांत उघड्या तारांऐवजी एरियल बंच केबल, म्हणजे आवरण असलेल्या व एकत्र पिळलेल्या तारा, टाकावी. नवीन लागवड करताना तारांखाली पारिजातक, सीताफळ, कढीपत्ता, चाफा अशी लहान झाडेच लावण्याचा आग्रह धरावा. दरवर्षी वनमहोत्सवात गुलमोहराची आणि सप्तपर्णीची रोपे वाटून पुढे त्यांनाच शिक्षा करू नये.

वरील सर्व कारणांसाठी माझ्या आणि या पत्राला पाठिंबा देणाऱ्या शेजाऱ्यांच्या मागण्या अशा आहेत. घरांच्या आवारातील झाडे निम्म्या उंचीपर्यंत छाटण्याची जाहीर सूचना तातडीने मागे घ्यावी आणि तोपर्यंत तिच्या आधारे कोणाच्याही आवारात प्रवेश करू नये. यंदाच्या उन्हाळ्यात केवळ वाळलेल्या, मोडलेल्या आणि वाहिनीला प्रत्यक्ष टेकणाऱ्या फांद्या काढाव्यात. शाळा, दवाखाने, मंदिरे, बसस्थानक आणि आठवडी बाजार येथील मोठ्या झाडांची तपासणी लगेच हाती घ्यावी: बुंध्याशी उगवलेली अळिंबी, उचललेली माती, उभी चीर, नव्याने आलेला कल, ठोकून पाहिल्यावर येणारा पोकळ आवाज या खुणा पाहून प्रत्येक झाडाची लेखी नोंद करावी आणि जे खरोखर धोकादायक ठरेल त्याच्यावर कारण नोंदवून कारवाई करावी. अशा झाडाला मी स्वतः हरकत घेणार नाही. पुढील वर्षापासून ही तपासणी फेब्रुवारीअखेर पूर्ण व्हावी, म्हणजे ती अवकाळी वादळांच्या आधी होईल.

छाटणीच्या निविदेत लाकूड हा मोबदला नसावा. दर झाडागणिक किंवा कामाच्या तासागणिक ठरावा, लाकूड ज्याच्या आवारात झाड आहे त्याचे राहावे, आणि दोर, पट्टा, हेल्मेट व अपघात विमा नसलेल्या माणसाला झाडावर चढवणाऱ्या कंत्राटदाराचे काम थांबवावे. कृषी विद्यापीठ व वन विभाग यांच्या मदतीने स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन त्यांची यादी नगर परिषदेच्या फलकावर लावावी, म्हणजे घरमालकाला पैसे देऊन का होईना पण जाणता माणूस मिळेल. आठवड्यातून एक दिवस प्राधिकरणाच्या कार्यालयात सल्ला देणारा माणूस बसवावा. रस्त्याकडेच्या झाडांभोवतीचे गट्टू व सिमेंट एक मीटरपर्यंत काढून तेथे आळी करावीत आणि हे काम पावसाच्या आधी व्हावे, कारण ज्या महिन्यात आपण फांद्या कापायला निघाला आहात त्याच महिन्यात ते करण्यासारखे आहे. शेवटची झाडांची गणना कधी झाली आणि तिचे आकडे काय आहेत, हे जाहीर करावे.

प्राधिकरणाची पुढील बैठक कोणत्या तारखेस आहे हे कळवावे आणि तीत हा विषय घेऊन नागरिकांना उपस्थित राहण्याची परवानगी द्यावी, अशी विनंती आहे. माझ्यासोबत संत्र्याच्या बागेत आयुष्य काढलेले दोन बागायतदार यायला तयार आहेत. आमच्या आवारातील चिंचेचा बुंधा आणि तिच्यावरचे धुमारे पाहायला सदस्यांनी केव्हाही यावे, दाखवायला मी घरीच आहे. या पत्राचे लेखी उत्तर सूचनेची मुदत संपण्यापूर्वी मिळावे. ते न मिळाल्यास मी अधिनियमानुसार उपलब्ध असलेल्या मार्गांनी दाद मागेन, हे आपल्या माहितीसाठी नोंदवून ठेवते.

आपली नम्र,
शहरातील एक घरमालक, करदाती व सेवानिवृत्त कृषी पर्यवेक्षक